मापात बसणे आणि शोभून दिसणे

पांढरीशुभ्र गादी, तक्क्याला टेकून बसलेले शेठजी, मुनीमजींच्या मांडीवरची वही आणि गिऱ्हाइकासमोर एकामागून एक उलगडत जाणारे तागे. कापडाच्या व्यवसायात तीन-चार पिढ्या घालविलेल्या घरांना हे चित्र वर्णन करून सांगावे लागत नाही. त्या दुकानात कपडे घालून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण तेथे कपडे नव्हतेच, कापड होते. लुगडे खांद्यावर टाकून पाहिले, खणाचा काठ हाताशी धरून रंग जोखला, सदऱ्याच्या कापडाचा पोत चिमटीत चोळून पाहिला, की परीक्षा संपली. माप घेणे हे शिंप्याचे काम. ते तो आपल्या वहीत टिपून ठेवी आणि कोणाची कंबर किती इंचांनी वाढली ही वार्ता त्या वहीबाहेर जात नसे.

तयार कपड्यांनी ही घडी मोडली. गादी गेली आणि काउंटर आला. पुढे काउंटरही मागे सरला आणि हँगरच्या रांगा आल्या. अखेर दुकानाच्या कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा उभा राहिला आणि त्याच्या दारावर ‘ट्रायल रूम’ अशी पाटी लागली. या एवढ्याशा खोलीबरोबर इंग्रजी शब्दांचा एक लहानसा संच दुकानात शिरला : ट्रायल, साइज, फिटिंग, लूज, टाइट, मॅचिंग, आल्टरेशन, एक्स्चेंज. इंग्रजीची अक्षरओळख नसलेल्या आजीबाईसुद्धा आज ‘फिटिंग नीट नाही रे’ असे सहज म्हणतात. शब्द आपले झाले. मात्र आपले होताना त्यांचे अर्थ थोडे सरकले आणि हे सरकणे आपल्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात येते दोन प्रसंगी. शिक्षणासाठी वा संसारासाठी परदेशी गेलेली मुले तेथील दुकानात अडखळतात तेव्हा. आणि आपल्याच दुकानात विक्रेता व ग्राहक एकच शब्द उच्चारून दोन निराळ्या गोष्टी समजतात तेव्हा. पहिल्या प्रसंगात फार तर घटकाभराचा संकोच वाट्याला येतो. दुसऱ्यात दुकानाची पत पणाला लागते.

प्रथम त्या खोलीचेच नाव घेऊ. लंडनमधील एखाद्या मोठ्या दुकानात ‘व्हेअर इज द ट्रायल रूम?’ असे विचारले, तर विक्रेती क्षणभर थबकते. इंग्रजांच्या कानाला ‘ट्रायल’ म्हणजे न्यायालयातील खटला, नाही तर नव्या औषधाची चाचणी. तेथे त्या खोलीला ‘फिटिंग रूम’ किंवा ‘चेंजिंग रूम’ म्हणतात. अमेरिकेत ‘फिटिंग रूम’ किंवा ‘ड्रेसिंग रूम’. ब्रिटनमध्ये मात्र ‘ड्रेसिंग रूम’ म्हटले, की नटमंडळींची रंगभूषेची खोली आधी डोळ्यांपुढे येते. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर किंवा वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर साड्यांच्या दुकानांत ‘ट्रायल रूम’ चालून जाते, कारण काउंटरपलीकडचा माणूसही बहुधा आपल्याकडचाच असतो.

हा शब्द आपल्याकडे रुळला तो बहुधा शिंप्यामुळे. कोट शिवायला टाकला, की मास्टर दोन तारखा सांगत : एक ट्रायलची, दुसरी कोट नेण्याची. कच्च्या टाक्यांनी जोडलेला, एकच बाही लावलेला तो कोट अंगावर चढवून ते खडूने खुणा करीत. इंग्रजीत या भेटीला ‘फिटिंग’ म्हणतात. शिंप्याची ट्रायल दिवसेंदिवस दुर्मीळ होत गेली. शब्द मात्र तयार कपड्यांच्या दुकानात मुक्कामाला आला. त्याला अशुद्ध ठरविण्याचे काही कारण नाही. भारतीय इंग्रजीतील तो एक सरळ, उपयोगी शब्द आहे आणि सोलापूर-सांगलीच्या दुकानदाराने केवळ साहेबी वाटावे म्हणून पाटी बदलण्यात काही शहाणपण नाही. परदेशी निघालेल्या मुलीने मात्र दोन्ही शब्द गाठीशी बांधावेत.

तिच्या गाठीशी आणखीही काही असावे. ब्रिटनमधील दुकानात पाऊल टाकताच विक्रेती हसून ‘यू ऑल राइट देअर?’ असे विचारते. आपला चेहरा आजारी दिसतो की काय, अशी शंका नवख्या मुलीला येते. वास्तविक त्याचा अर्थ ‘काही दाखवू का?’ एवढाच. नुसते पाहायचे असेल तर ‘जस्ट लुकिंग, थँक यू’ म्हणून पुढे जावे. त्यात अपमान नाही. फिटिंग रूमच्या दाराशी ‘हाऊ मेनी आयटम्स?’ असा प्रश्न येतो आणि कपड्यांच्या संख्येचा आकडा असलेली एक पट्टी हाती दिली जाते. बाहेर येताना ‘हाऊ डिड यू गेट ऑन?’ असे विचारले जाते. ‘गेट ऑन’ म्हणजे गाडीत चढणे, एवढेच शाळेत शिकलेली मुलगी येथे निरुत्तर होते. विचारणाऱ्याचा भाव असा, की कपडे कसे काय वाटले, काही पसंत पडले का? नको असलेला कपडा ‘नॉट क्वाइट राइट, थँक यू’ म्हणून परत द्यावा. कारण सांगण्याची सक्ती नसते.

येथे मराठी माणसाची एक खरी अडचण आहे आणि ती शब्दसंग्रहाची नव्हे. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटात असतो. ‘तो निळा दाखव’ आणि ‘तो निळा दाखवा’ यांतील एका काना-मात्रेच्या फरकात सारी अदब सामावते. इंग्रजी क्रियापदाला अशी शेपटी नाही. त्यामुळे ‘दाखवा’चे ‘शो मी दॅट ब्लू वन’ झाले, की मनातली अदब वाटेतच गळून पडते आणि ऐकणाऱ्याला हुकूम ऐकू येतो. इंग्रजीत ती अदब वाक्याच्या आरंभी ठेवावी लागते : ‘कुड आय सी दॅट ब्लू वन, प्लीज?’ घरी मोठ्यांशी अत्यंत मर्यादेने बोलणारी मुले परदेशी दुकानात उद्धट ठरतात, ती एवढ्याशा कारणाने.

घालून पाहण्याच्या क्रियेलाही असाच घोळ चिकटला आहे. मराठी या बाबतीत भलतीच श्रीमंत भाषा. साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, पागोटे बांधतात, अलंकार लेतात. इंग्रजी या सर्वांना एका ‘वेअर’मध्ये कोंबते. पण जेथे आपण भेद करीत नाही तेथे ती करते. कपडा अंगात असणे म्हणजे ‘वेअर’, तो अंगात घालण्याची क्रिया म्हणजे ‘पुट ऑन’ आणि पारखण्यासाठी घालणे म्हणजे ‘ट्राय ऑन’. म्हणून ‘घालून बघते’ याचे ‘आय विल वेअर अँड सी’ होत नाही. ‘कॅन आय ट्राय दिस ऑन?’ असे होते. त्यातही ‘इट’ हा शब्द आला, की तो मधे बसतो : ‘ट्राय इट ऑन’. ‘ट्राय ऑन इट’ कोणी म्हणत नाही. ‘मला हा होत नाही’ हे आपले नेहमीचे वाक्यही शब्दशः नेता येत नाही. तेथे ‘इट डझन्ट फिट’ म्हणावे आणि दुखणे नेमके कोठे आहे तेही सांगावे : ‘टाइट अक्रॉस द शोल्डर्स’, ‘लूज अराउंड द वेस्ट’. एक माप मोठे हवे असल्यास ‘डू यू हॅव धिस इन अ बिगर साइज?’ एवढे पुरते. आणि हो, ब्रिटनमध्ये ‘पँट्स’ मागू नयेत. तेथे त्याचा अर्थ आतले कपडे. पायघोळ पँटला ‘ट्राउझर्स’ म्हणतात. आपली ‘हाफ पँट’ तेथे ‘शॉर्ट्स’, ‘हाफ स्लीव्ह’ म्हणजे ‘शॉर्ट स्लीव्ह’ आणि ‘फ्री साइज’ म्हणजे ‘वन साइज’. ‘फ्री’ शब्दाने काही फुकट मिळते असा समज व्हायचा.

हे शब्द आले कोठून, हे पाहू गेले तर कापडाच्या व्यापाऱ्याला जुने ओळखीचे भेटावेत तसे होते. ‘टेलर’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील कापणे या अर्थाच्या धातूपासून आला. आणि ‘रिटेल’ही त्याच धातूचा. अखंड तागा विकणारा तो घाऊक, त्यातून तुकडा कापून देणारा तो किरकोळ, असा तो हिशेब. ‘ट्राय’ म्हणजे मुळात निवडणे, चाळून वेगळे करणे. धान्याच्या आडतीवर बसणाऱ्यांना ही क्रिया समजावून सांगावी लागत नाही. पुढे खरे-खोटे निवडणारा तो न्यायालयाचा ‘ट्रायल’. ‘साइज’ची कथा याहून रंजक आहे. तो ‘असाइझ’ या शब्दाचा झिजलेला अवशेष. असाइझ म्हणजे अधिकाऱ्यांनी बसून ठरविलेला नियम. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विक्रीच्या लोकरी कापडाची रुंदी अशा नियमाने बांधून दिली होती, तर तेराव्या शतकात पावाचे वजन. म्हणजे साइज हे मूळचे ग्राहकाच्या अंगाचे माप नव्हतेच. दुकानदाराने पाळायचा तो दंडक होता. ‘सूट’ हाही कपडा आणि दिवाणी दावा अशा दोन्ही अर्थांनी नांदतो. मूळ अर्थ मागोमाग जाणे. एकामागोमाग जुळणारे कपडे तो सूट आणि हक्कासाठी पाठपुरावा तोही सूट. देणे-घेणे एकतर्फी मात्र नव्हते. जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला; ‘कॅलिको’ हे कालिकतचे रूप, आणि ‘बंडाना’ आपल्या बांधणीच्या धातूचा.

दुकानाच्या दृष्टीने मोलाचे शब्द दोनच आहेत : ‘फिट’ आणि ‘सूट’. ‘इट फिट्स यू’ म्हणजे कपडा मापात बसतो. ‘इट सूट्स यू’ म्हणजे तो शोभून दिसतो. इंग्रजी माणूस यांची सरमिसळ करीत नाही, कारण दोन्ही खरोखरच दोन गोष्टी आहेत. मापात चपखल बसलेला गडद तपकिरी कुर्ता एखादीला मुळीच शोभत नाही. आणि अत्यंत शोभणारा अंगरखा काखेत काचत असतो. तिसरा शब्द ‘मॅच’. तो केवळ एका कपड्याचे दुसऱ्याशी जुळण्यापुरता. आपल्या दुकानांतून मात्र ‘फिटिंग’ या एका शब्दावर सारा कारभार चालतो आणि तेथेच पाणी मुरते.

हा प्रसंग कोणत्याही लग्नसराईत, कोणत्याही शहरात पाहावा. एक प्रौढ गृहिणी आतून कुर्ता घालून बाहेर येते, खांदे उडवून पाहते आणि म्हणते, ‘भाऊ, खांद्यात जरा ओढल्यासारखं वाटतंय.’ तरुण विक्रेता लगेच उत्तरतो, ‘वहिनी, काय शोभतोय तुम्हाला! हा रंग तुमच्यासाठीच आलाय.’ प्रश्न मापाचा होता, उत्तर शोभेचे मिळाले. दुसरी विचारते, ‘हा रंग मला फारच भडक दिसतो का हो?’ त्यावर उत्तर, ‘मावशी, एकदम फिट आहे, जराही आल्टर नको.’ प्रश्न शोभेचा, उत्तर मापाचे. दोन्ही उत्तरांत अक्षरही खोटे नाही. कुर्ता शोभतो हे खरे, तो मापात आहे हेही खरे. तरीही जे विचारले त्याला बगल दिली गेली. सोबतची मंडळी घाई करीत असतात, घरी स्वयंपाक खोळंबलेला असतो. बाई पैसे देऊन निघून जाते. पुढे तो कुर्ता एकदा अंगावर चढतो आणि कपाटात तळाशी जातो. ती भांडायला परत येत नाही. ती परत येतच नाही, आणि विक्रीच्या नोंदीत हा तोटा कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

गादीवरचे वडीलधारे या बाबतीत निराळे वागत. ‘अक्का, हा काठ तुम्हाला नको, तो दुसरा घ्या’ असे ते स्वतः म्हणत आणि बऱ्याचदा तो दुसरा स्वस्तही असे. आज परदेशातून लग्नाच्या खरेदीसाठी येणाऱ्या पाहुण्यांशी इंग्रजीतून बोलण्याची वेळ दुकानातील नव्या पिढीवर येते. त्यांना दहा वाक्ये पाठ नसली तरी चालतील. ‘इट फिट्स यू वेल, बट अ लाइटर शेड वुड सूट यू बेटर’ हे एक वाक्य मनापासून म्हणता आले पाहिजे. व्याकरण त्यात फारसे नाही. हातची विक्री क्षणभर लांबविण्याची तयारी मात्र आहे.

मापाच्या आकड्यांचा गोंधळ तर सर्वांच्याच वाट्याला येतो. पुरुषांच्या फॉर्मल शर्टावरील ४० किंवा ४२ हा आकडा बहुधा कॉलरचे सेंटिमीटरमधील माप सांगतो, तर पँटवरील ३४ हा कमरेचे इंच. एकाच माणसाच्या वरच्या अर्ध्या भागावर एक मोजपट्टी आणि खालच्या अर्ध्या भागावर दुसरी! स्त्रियांच्या कपड्यांत ब्रिटनचे १२ म्हणजे अमेरिकेचे साधारण ८ आणि युरोपचे ४०. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा त्यावरील अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण हिशेबात धरली गेली ती केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे. भारतीय अंगाची मापे भारतानेच मोजावीत या विचाराने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ही योजना होती आणि त्या सहांत मुंबईही होती. म्हणून ‘एल’ होत नाही आणि ‘एक्सएल’ लागतो, तेव्हा दोष अंगाचा नसून परक्या मोजपट्टीचा असणे अगदी शक्य आहे.

परंतु हे त्या ग्राहकाला कोणी सांगत नाही. उलट माळ्यावरच्या पोऱ्याला साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशी हाक जाते, ‘अरे, मावशींना थ्री एक्सएल काढ!’ शिंप्याच्या वहीत मिटून असलेली गोष्ट अशी चव्हाट्यावर येते. सासू-सुना, नणंदा-जावा सोबत असताना एखाद्या बाईला ते किती लागते, हे पुरुष विक्रेत्याच्या गावीही नसते. त्यानंतर ती ‘घालून बघायला नको, बसेल’ म्हणते आणि मापात न बसणारा कपडा घरी जातो. काही दुकानांत आता कपड्याच्या रंगाचे नाव घेऊन ‘याचा पुढचा दाखव’ एवढेच म्हणण्याची पद्धत आहे. तिला खर्च काहीच येत नाही.

ती ट्रायल रूममध्ये जाण्याचे टाळते, याला दुसरेही एक कारण आहे : भीती. कडी न लागणारे दार, छतापर्यंत न पोहोचणारी भिंत आणि कोठे तरी लपविलेला कॅमेरा असेल ही धास्ती. कायदा याबाबत कडक आहे. स्त्रीला खासगी स्थितीत चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे हा गुन्हा २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये असून पहिल्या अपराधालाही एक ते तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. दुकानमालकाने मात्र कलमांवर विसंबू नये. रोज सकाळी घरातील एखाद्या बाईने त्या खोलीत उभे राहून कडी, आरसा, भिंतीच्या फटी आणि दिवा पाहून घेतला, तर तेवढी पाहणी पुष्कळ कामाची ठरते.

घालून पाहणे का महत्त्वाचे, याचे व्यवहारी उत्तर बिलाच्या तळाशी असते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य छापले म्हणजे हात मोकळे झाले, असे अनेकांना वाटते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण माप चुकणे हा मालातील दोष नव्हे. तेथे बदलून देणे हे दुकानाच्या रिवाजावर चालते. ब्रिटनमध्येही दुकानात जाऊन घेतलेला निर्दोष कपडा केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही. अनेक दुकाने तो आपण होऊन देतात, इतकेच. घरबसल्या मागविलेल्या मालासाठी मात्र तो हाती आल्यापासून १४ दिवसांची मुभा असते. तेथे पैसे परत म्हणजे ‘रिफंड’, बदली म्हणजे ‘एक्स्चेंज’ आणि बिलाला ‘रिसीट’ म्हणतात. ती जपून ठेवावी.

राहिले आल्टरेशन. इंग्रजी शिंपी कपडा आत घेण्याला ‘टेक इन’, सैल करण्याला ‘लेट आउट’ आणि उंची कमी करण्याला ‘शॉर्टन’ म्हणतो. आत घेणे केव्हाही जमते. सैल करता येईल की नाही, हे शिवणीच्या आत किती कापड शिल्लक ठेवले आहे त्यावर अवलंबून असते. इंग्रजीत त्या जादा कापडाला ‘सीम अलाउन्स’ असे कोरडे नाव आहे. मराठी शिंपी त्याला ‘माया’ म्हणतात. घरच्या शिंप्याने शिवलेल्या पोलक्यात वाढत्या अंगासाठी इंच-दीड इंच माया ठेवलेली असे. कारखान्यात कापड वाचविण्याकडे कल असल्याने तयार कुर्त्यात ती बहुधा जेमतेम सेंटिमीटरभर सापडते. पैसे देण्यापूर्वी कपडा उलटा करून बाजूची शिवण दोन बोटांत धरून पाहण्याची जुन्या गृहिणींची जी सवय होती, ती याचसाठी.